वामनराव आठल्ये यांच्या एकुलत्या एका स्तुतीची हकीकत

श्रीरंगदेवता तुष्ट असो. पडद्याची दोरी ओढणारापासून पहिल्या रांगेत बसणारापर्यंत सकळांचे कुशल असो. हुजुरांनी पुसिले की, आपल्या नाट्यराज्यात पूर्वी वामनराव आठल्ये म्हणोन टीकाकार होऊन गेले, त्यांचा दरारा मोठा होता ऐसे ऐकतो, तो कैसा होता, आणि त्यांनी उभ्या कारकिर्दीत एकदाच स्तुती केली ती कोणाची, आणि तिचे पुढे काय जाहले, ते तपशिलाने लिहून पाठवणे. आज्ञेप्रमाणे लिहितो. जे पाहिले ते पाहिले म्हणोन, जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन, आणि पदरचे मीठ चिमटीपुरते.

शके १८६९, सर्वजित नाम संवत्सर, पाऊसकाळ सरोन आभाळ मोकळे जाहले होते, ते समयी राजधानीतल्या मोठ्या खपाच्या पत्राने रविवारचे पाचवे पानी 'तिसरा प्रयोग' ऐसे सदर काढिले आणि त्याची गादी वामनरावांस दिधली. वय तेव्हा तेहेतीस, अंगकाठी किरकोळ, कोट एकच परंतु कडक इस्त्रीचा, चष्मा जाड, आणि आवाज इतका मऊ की ट्रामचा कंडक्टर दोनदा विचारी, कुठं उतरायचंय साहेब. ऐशा पुरुषाचे लेखणीस एवढी धार कोठून आली ते कोणास कळले नाही. सदराचे नावास कारण त्यांचा शिरस्ता. ते म्हणत, "पहिला प्रयोग नातेवाइकांचा असतो, दुसरा दमलेल्यांचा असतो, नाटक तिसऱ्याला सुरू होतं." म्हणोन पहिल्या दोन प्रयोगांस ते थिएटराचे रस्त्यानेही जात नसत, आणि तिसऱ्यास पहिल्या घंटेचे आधी डावीकडच्या चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची धरोन बसत. आणिक दोन नेम होते. एक नाटक दुसऱ्यांदा पाहावयाचे नाही, आणि छापिलेला शब्द मागे घ्यावयाचा नाही. राजे लोक किल्ले राखितात तैसे त्यांनी हे दोन नेम एकवीस वर्षे राखिले.

त्यांचे लेख लांब नसत. एका ऐतिहासिक नाटकाविषयी लिहिले, "नायक तलवार नीट धरतात. शब्दही तसेच धरावेत." एकदा पुठ्ठ्याचा राजवाडा हलला, तेव्हा लिहिले, "पहिल्या अंकात फक्त खांब हलले, प्रेक्षक नाही." एक देखणे तरुण नट त्यांचे लेखाने रंगभूमी सोडून गेले आणि शाळेत चित्रकला शिकवू लागले, आणि तेथे इतके सुखी जाहले की दर दिवाळीस वामनरावांस स्वहस्ते रंगविलेले शुभेच्छापत्र धाडू लागले. मंडळ्यांनीही युक्त्या केल्या. तिसरा प्रयोग चोख उतरावा म्हणोन कोणी आधी पाच प्रयोग तालुक्याचे गावी गुपचूप करून येत, आणि मग राजधानीत जाहिरात देत, पहिला प्रयोग. वामनराव ओळखीत आणि लिहीत, "तिसऱ्या प्रयोगातच नटमंडळी कंटाळलेली दिसली, ही प्रगती वेगाची आहे." मग तो खेळ दोन आठवड्यांत गुंडाळिला जाई, आणि लोक थिएटराऐवजी चौपाटीस जात.

आता दराऱ्याची खूण सांगतो. वामनरावांस नाटक रुचले नाही म्हणजे ते चष्मा काढोन रुमालाने पुसत. थिएटराचे दारावर दौलत म्हणोन द्वारपाल होता. त्याने ही खूण प्रथम ओळखिली, आणि तेव्हापासून त्याचे ठायी एक हेरखातेच निर्माण जाहले. अंक संपला की तो विंगेत जाई, आणि मिशा लाविलेले सरदार, मुकुट काढोन वारा घेणारे राजे, नऊवारीतल्या राण्या, अवघे त्याचेभोवती गोळा होत. "दौलत, चष्मा किती?" "दोन." "कुठल्या जागी?" "एक तुमच्या गाण्याला, दुसरा तुमच्याच मरणाला." मग राजे खाली बसत. तीन वेळ पुसिला तर नाटक वाचे. चार वेळ पुसिला तर नेपथ्य कोठे ठेवावयाचे याची चौकशी सुरू होई. नवनाट्य दरबार मंडळीचे धनी नानासाहेब रेडकर यांचे एक नाटक ऐसेच चार चष्म्यांनी पडले, तो सल त्यांचे मनात राहिला. पुढे तो उगवला.

ते दिवस निराळे होते. रविवारी सकाळी सहा वाजता पत्र पडे, आणि नट, लेखक, मेकअपवाले, पडदे रंगविणारे, सगळे पाचवे पान आधी उघडीत. ज्याला शिव्या बसल्या तो दाढी न करिता घरी बसे, आणि ज्याच्या शेजाऱ्याला बसल्या तो शेजाऱ्याकडे मुद्दाम चहाला जाई. परंतु शिव्या खाल्लेला मनुष्य सोमवारी तालमीस आधी हजर होई, हेही खरे. कोणीतरी आपल्याकडे इतके डोळे ताणून पाहतो आहे, ही भीती होती, आणि त्या भीतीत एक मानही होता.

ऐसे असता शके १८९०, कीलक नाम संवत्सरे, रंगकल्लोळ मंडळीने 'बारा वर्षांचा पाहुणा' हे नाटक आणिले. मंडळीचे धनी दिनकरराव कोलवाळकर, गोड बोलणारे आणि घामट. नाटकात मुख्य बाई सुमतीबाई हळदणकर, वय पन्नासाचे घरात. बाईंनी वामनरावांचे सदरात एकवीस वर्षे काढिली होती आणि त्यांचे वाट्यास चांगले फार काही आले नव्हते. सर्वांत बरे वाक्य आले ते हे, "सुमतीबाई उपस्थित होत्या." बाईंनी ते कापून स्वयंपाकघरात कपाटाचे आतल्या बाजूस चिकटविले होते. कोणी विचारिले तर म्हणत, "डबा काढताना रोज दिसतं. उपस्थित राहायची सवय लागते." नाटकाची कथा साधी. एक मुलगा भांडोन घर सोडितो, बारा वर्षांनी परत येतो, तिसरे अंकात दार उघडते, आई त्याजकडे पाहते आणि विचारिते, "जेवून आलास का?" एवढेच. वाक्य तीन शब्दांचे, आणि साऱ्या नाटकाचा भार त्यावर.

तिसरा प्रयोग रविवारी दुपारी चारला जाहला. वामनराव खुर्चीवर बसले. पहिला अंक जाहला, दुसरा जाहला, आणि मध्यंतरात दौलत विंगेत आला तो चेहरा पांढरा. कोलवाळकरांनी पुसिले, "किती रे?" दौलत म्हणाला, "एकदाही नाही." कोणाचा विश्वास बसेना. "झोपलेत की काय?" "नाही हो. डोळे उघडे आहेत. मी समोरून जाऊन आलो." हे वर्तमान सुमतीबाईंचे कानी गेले, आणि जी बाई वीस वर्षे शिव्या खाऊन स्वस्थ उभी राहात आली ती पदर पुन्हापुन्हा सारखा करू लागली. मार खावयाची सवय होती, वाचावयाची नव्हती. मग तिसरा अंक लागला, दार उघडिले, मुलाचे काम करणारा नट उंबऱ्यात उभा राहिला, आणि बाईंचे मुखातून वाक्य येईना. गेले. तीन शब्द, तेही रोज घरोघर बोलिले जाणारे, समूळ गेले. बाईंनी मुलाकडे पाहिले. मग उजवीकडे पाहिले. मग खाली वाकोन पाण्याचा तांब्या उचलिला, आणि परत ठेविला. थिएटरात आठशे माणूस, आणि कोणी खोकेना. डोळे भरोन आले. आणि मग कोठून कोण जाणे, वाक्य आले, "जेवून आलास का?" तेव्हा तिसरे रांगेतल्या एका वकिलाने मोठ्याने नाक शिंकरिले आणि त्याचे मागोमाग अर्धे थिएटर. वामनराव खुर्चीचे टोकास आले होते. त्यांस स्वतःचेच कळले नाही.

पुढील रविवारी पाचवे पानी छापोन आले. "एकवीस वर्षांत असा विराम पाहिला नाही. सुमतीबाई मुलाकडे पाहतात, मग उजवीकडच्या दाराकडे पाहतात, जणू तिथून गेलेली बारा वर्षे अजून येत आहेत. मग तांब्या उचलतात आणि ठेवतात. पाणी द्यावे की जाब विचारावा हे त्या हाताला ठरवता येत नाही. याला अभिनय म्हणतात. इतरांनी जाऊन पाहावे." हे वाचोन राज्यात कल्लोळ जाहला. कोलवाळकरांनी तो मजकूर सात हात लांबीचे फलकावर रंगवून थिएटरावर चढविला. खेळास पाय ठेवावयास जागा मिळेना. आणि मग इतर मंडळ्यांनी विचार केला की, आठल्यांस विराम आवडतो. तेव्हा विरामांची साथ आली. ज्याने त्याने जेथे तेथे थांबावयास आरंभ केला. पत्र वाचिता वाचिता थांबणे, जिना चढता चढता थांबणे, तांब्या, पेला, पानाचा डबा, जे हाती लागेल ते उचलोन परत ठेवणे. रेडकरांचे एका फार्समध्ये पलंगाखाली लपलेला नायक इतका थांबला की बाल्कनीतून आवाज आला, "अरे, झोप लागली का तुला?" दुपारचा खेळ लांबोन संध्याकाळचे खेळावर आला, आणि एके दिवशी एका मंडळीचा झोपाळा आत येत असता दुसरीचे सिंहासन बाहेर निघत होते, ती दोन्ही दारात अडकली, आणि दोन्हीकडचे धनी एकमेकांस म्हणाले, "तुमचे विराम जरा आटोपते घ्या." वामनराव हे सर्व पाहात आणि चष्मा पुशीत. त्यांस वाटे, लोकांस खरे आणि खोटे यांतले अंतर कळत नाही. आपणांस कळते, या समजुतीत ते सुखी होते.

सहा महिने ऐसे गेले. मग एके बुधवारी सकाळी वामनराव घरी ओसरीवर बसले असता लक्ष्मण खोत म्हणोन गृहस्थ आले. यांस सर्व लखूनाना म्हणत. रंगकल्लोळ मंडळीचे प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत वही घेऊन उभे राहणारे आणि नट अडखळला तर हळूच पुढचे वाक्य सांगणारे. वय साठ, टोपी हातात. म्हणाले, "साहेब, मी एकवीस वर्षं तुमचा वाचक. एकही रविवार चुकवला नाही. त्यातच घात झाला." वामनराव म्हणाले, "बसा. घात कसला?" लखूनाना बसले नाहीत. म्हणाले, "तो विराम विराम नव्हता. बाई वाक्य विसरल्या. त्यांनी उजवीकडं बघितलं ते बारा वर्षांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी सांगायला हवं होतं." "मग का नाही सांगितलंत?" लखूनाना टोपी फिरवू लागले. "बाईंना वीस वर्षांत कधी सांगावं लागलं नव्हतं. आणि सकाळी घरी पाहुणे आले, त्यांनी पेपर घेतला तो दुपारी सोडला. मी खिशात घालून आणला होता. तिसऱ्या अंकात म्हटलं बघू तरी, रेडकरांच्या नाटकाला काय लावलंय. तुम्ही लिहिलं होतंत, नायिकेच्या पदरापेक्षा कथानक जास्त वेळा घसरतं. मला हसू आवरेना. तोंडावर वही धरली. वर बघतो तो बाई तांब्या ठेवत होत्या."

वामनरावांनी चष्मा काढोन पुसिला. मग म्हणाले, "हे तुम्ही आज का सांगता?" लखूनाना म्हणाले, "आमच्याकडचा दिवेवाला रेडकरांकडे गेला. त्यानं तिथं सांगितलं. येत्या रविवारी सकाळी दहाला नाट्यमेळावा आहे, तुम्ही अध्यक्ष. रेडकर भर सभेत उठून विचारणार आहेत, ज्याला विसरणं आणि अभिनय यातलं अंतर कळत नाही त्यानं एकवीस वर्षं आमची डोकी का उडवावीत. तुमचा शब्द जाईल साहेब. म्हणून आलो." आणि हे खरेच होते. वामनरावांचे घरी वडिलार्जित काही नव्हते, पुस्तक एकही लिहिले नव्हते, शिष्य केले नव्हते. जे काही होते ते हेच की त्यांनी बरे म्हटले तर बरे आणि वाईट म्हटले तर वाईट. ते गेले म्हणजे मागील हजार रविवारांच्या रद्दीस वाण्याचे दुकानाखेरीज ठिकाण उरत नव्हते. त्यांनी लखूनानांस एवढेच पुसिले, "तो परिच्छेद खरंच हसण्यासारखा होता का?" लखूनाना म्हणाले, "साहेब, पोट दुखलं."

त्याच दिवशी तिसरे प्रहरी कोलवाळकर घाम पुशीत आले. त्यांस बातमी लागली होती. म्हणाले, "वामनराव, काही काळजी करू नका. मी सगळं बांधून ठेवलंय. दिग्दर्शक सांगेल, विराम मीच बसवला. बाई सांगतील, तालमीपासून होता. वहीत तशी टीप घालून टाकतो, जुन्या शाईनं. रेडकर एकटा पडतो की नाही बघा." वामनराव म्हणाले, "आणि लखूनाना?" "त्याला उद्यापासून घरी. बोलायला तोंडच राहायचं नाही. पेपर वाचतो म्हणजे काय, विंगेत." वामनराव म्हणाले, "चांगली योजना आहे." कोलवाळकर हर्षले. वामनराव म्हणाले, "तुमच्या आजवरच्या सगळ्या नाटकांपेक्षा हिचं कथानक बांधीव आहे. फक्त लखूनानांना घरी पाठवू नका, चार दिवस तरी. मला विचार करू द्या." कोलवाळकर गेले. आणि खरे सांगावयाचे तर वामनरावांचे मनात ती मसलत घर करू लागली होती. एक टीप, जुनी शाई, आणि सर्व जागचे जागी. त्यांस अन्नही गोड लागेना, आणि गुरुवारभर त्यांनी चष्मा इतके वेळा पुसिला की डावी काच सैल जाहली.

शुक्रवारी सकाळी ते उठले आणि सुमतीबाईंचे घरी गेले. एकवीस वर्षांत नटाचे घरी पाऊल टाकण्याची ही पहिली वेळ. बाई मेथी निवडीत बसल्या होत्या. त्यांस पाहोन उठू लागल्या. वामनराव म्हणाले, "बसा, बसा. मला एक विचारायचंय. खरं सांगा." बाईंनी मेथीकडे पाहोनच उत्तर केले, "लखूनाना सांगून गेले. खरंच आहे. वाक्य गेलं. विंगेत बघितलं तर नाना पेपरात. तेव्हा काय झालं माहितेय का, आपण हाक मारावी आणि घरात कोणीच नसावं, तसं झालं. पायाखालचं गेलंच." "आणि तांब्या?" "हाताला काहीतरी धरायला हवं होतं." "डोळ्यांत पाणी?" "घाबरले होते हो." वामनरावांनी मेथीची एक काडी उचलोन परत ठेविली. मग म्हणाले, "म्हणजे मी पाहिलं ते होतं. फक्त अभिनय नव्हता." बाई म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही ठरवा, मला कळत नाही त्यातलं. पण आता काय होतं ते सांगते. तुम्ही छापलंत, कोलवाळकरांनी फलक लावला, आता लोक तोच बघायला येतात. मग मी मोजते. एक ते चौदा. पाचाला मुलाकडे, आठाला उजवीकडे, अकराला तांब्या, चौदाला डोळ्यांत पाणी. सहा महिने झाले, मला तो मुलगा दिसलेला नाही. आकडेच दिसतात." वामनराव म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" बाई हसल्या. "एकवीस वर्षांनी एक चांगलं वाक्य मिळालं होतं. ते आपल्याच हातानं पुसायचं? उपस्थित होत्या, हेच पुन्हा कपाटावर?" मग मेथी बाजूस सारोन म्हणाल्या, "पण लिहा आता. मला सुटायचंय त्यातून." वामनराव उठले. बाईंनी पुसिले, "तुमचं काय होईल?" ते म्हणाले, "माझं तिसऱ्या प्रयोगात कळेल."

शनिवारी दुपारी त्यांनी लेख लिहिला आणि छापखान्यात स्वतः जाऊन दिधला, खिळे जुळविणाऱ्याजवळ उभे राहोन अक्षर न अक्षर पाहिले. रविवारी सहा वाजता पत्र पडले. पाचवे पानी मथळा होता, 'वामन आठल्ये यांचा प्रयोग.' मजकूर ऐसा. "या सदराच्या लेखकाने सहा महिन्यांपूर्वी एका विरामाची स्तुती केली होती. तो विराम नव्हता, विस्मरण होते. लेखकाला ते ओळखता आले नाही. एकवीस वर्षे रंगभूमीसमोर बसून ज्याला एवढे कळत नाही त्याने आपली खुर्ची बदलून पाहावी, कदाचित मागून बरे दिसत असेल. विंगेतला माणूस त्या वेळी काही वाचत होता असे समजते. चौकशी करता ते याच लेखकाचे लिखाण निघाले. तेव्हा दोष वाचणाऱ्याचा नाही. नाटक चालू असताना वाचावेसे वाटेल असे लिहू नये. त्या लेखानंतर राज्यातल्या प्रत्येक रंगमंचावर लोक थांबू लागले आणि चांगले बोलणारे नट तांबे उचलू लागले. या साथीचा उगमही हाच लेखक. त्याच्या आजवरच्या शिव्यांनी कोणाचे नाटक बिघडले नसेल. स्तुतीने मात्र बिघडले. काही क्षण खरे असतात आणि त्यांना नाव देण्याची घाई करू नये, हे त्याला पन्नाशीनंतर समजले. प्रयोग सामान्य. लेखक उपस्थित होता."

दहाला मेळावा भरला. नानासाहेब रेडकर नवे धोतर नेसोन आणि भाषण कंठस्थ करून आले होते, परंतु सभागृहात जो तो हातात पाचवे पान धरोन बसलेला. रेडकर उठले, आणि जे जे ते बोलणार होते ते ते वामनरावांनी त्यांहून कडक शब्दांत आधीच छापिलेले. चार वाक्ये बोलोन ते अडले. समोरून कोणी म्हणाले, "हे वाचलंय. पुढं?" पुढे त्यांजवळ नव्हते. मग रेडकर खाली पाहोन म्हणाले, आणि हे त्यांचे चांगुलपण म्हणावे, "आमच्या नाटकाला चार चष्मे पडले ते बरोबर होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण हा मनुष्य स्वतःलाही सोडत नाही. आता माझी तक्रार राहिली नाही." आणि बसले. लखूनाना शेवटचे रांगेत टोपी डोळ्यांवर ओढोन बसले होते. कोलवाळकर त्यांस घरी पाठविणार होते, परंतु ज्या मनुष्याचा दोष पाचवे पानी धुतला गेला त्यास काढावे तर थिएटर रिकामे पडेल, हे ताडून त्यांनी त्यांचे खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाले, "पेपर मात्र मध्यंतरात हं, नाना."

मग दुपारी चारचा खेळ. फलक उतरविला होता. वामनराव आले, आणि नाटक दुसऱ्यांदा पाहणे नाही हा नेम त्या दिवशी गेला. दौलत दारात उभा होता. म्हणाला, "साहेब, हे पाहिलंय तुम्ही." वामनराव म्हणाले, "नाही पाहिलं." आणि मागे बाराव्या रांगेत बसले. थिएटर खच्चून भरलेले, लोक विराम नसलेला खेळ पाहावयास आलेले. तिसरा अंक लागला, लखूनाना दोन्ही हातांनी वही धरोन उभे, दार उघडिले, मुलगा उंबऱ्यात. आठशे माणसांनी श्वास धरिला. सुमतीबाईंनी त्याजकडे पाहिले, तांब्याकडे हातही नेला नाही, आणि ताबडतोब, जैसे कोणी रोज सातला घरी येणाऱ्यास विचारावे तैसे म्हणाल्या, "जेवून आलास का?" थांबणे नाही, काही नाही. आणि थिएटरात कोणी नाक शिंकरिले नाही, कोणी टाळी दिधली नाही. फक्त उंबऱ्यातला नट, सहा महिने रोज ते वाक्य ऐकणारा, त्याचे पुढचे वाक्य त्यास सुचेना, आणि लखूनानांनी हळूच ते सांगितले.

खेळ सुटल्यावर वामनराव रंगपटाचे दाराशी जाऊन उभे राहिले. बाई आरशासमोर कुंकू पुशीत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "आत या की." ते आत गेले नाहीत. बाई म्हणाल्या, "मग? आज कसं झालं?" वामनराव म्हणाले, "मोजलंत?" "नाही. वेळच नव्हता. तो आला होता ना." बाईंचा हात थांबला. "छापाल का हे?" वामनरावांनी फार हळू सांगितले, इतके की बाईंस मान वळवावी लागली. "छापलं तर पुढच्या रविवारी तुम्ही मोजायला लागाल." बाईंनी उरले कुंकू पुसिले. मग कापसाचा बोळा ठेवोन म्हणाल्या, "मग तुमच्यापाशीच राहू द्या." आणि वामनराव मान हलवोन निघाले.

पुढे वामनरावांनी आणखी नऊ वर्षे सदर चालविले, शब्द गेला नाही, उलट वाढला, आणि विरामांची साथ एका पंधरवड्यात ओसरली. ते गेल्यावर त्या खुर्चीवर इतर बसले. आता सारे गोड लिहितात, नाटक लागण्याआधीच लिहितात, आणि दारावरचा मनुष्य आत जाऊन कोणास काही सांगत नाही, कारण कोणी विचारीत नाही. नट मंडळी म्हणतात की हल्ली बरे आहे, आणि म्हणता म्हणता काही वेळ गप्प होतात. हजारावर रविवारांचे लेख जुन्या फाइलींत सापडतील, ज्यास पाहिजेत त्याने पाहावे. परंतु शके १८९० मधील त्या रविवारी दुपारी चारला सुमतीबाई हळदणकर यांनी तीन शब्द कैसे म्हटले, याविषयी पाचवे पानी पुढे कधी एक अक्षर आले नाही. कोठे तरी नोंद असावी, आणि बाई आता मोजण्याचे पलीकडे गेल्या, म्हणोन लिहिले. इति.